एक छत्री, दोन टीव्ही

आमच्या गच्चीवर डिशची छत्री एक आणि घरात टीव्ही दोन. एक हॉलमध्ये, तो बाबांचा. दुसरा स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या फळीवर, तो आईचा. हॉलमध्ये नवा टीव्ही आला तेव्हा जुना भंगारात द्यायचं ठरलं होतं. आई म्हणाली, "राहू दे. स्वयंपाक करताना आवाज असला की बरं वाटतं." आईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला फारसं आठवत नाही, म्हणून हे वाक्य लक्षात राहिलं.

जोडायला आलेल्या माणसाने विचारलं, दुसरी छत्री लावू का. बाबा मूळचे वैरागचे. शहरात तीस वर्षं दुकान चालवूनही, एखादी वस्तू दुसऱ्यांदा घ्यायची म्हटली की त्यांची बोली थेट गावाला जाऊन पोचते. "दुसरी कशाला? हाय तिलाच फाटा मार की. पाण्याच्या पायपाला मारत न्हाईत व्हय?" त्या माणसाने वाद घातला नाही. जिन्याच्या तोंडाशी वायर तोडून त्याने काडेपेटीपेक्षाही लहान असा एक स्प्लिटर बसवला. एका बाजूने एक वायर आत, दुसऱ्या बाजूने दोन बाहेर. एक हॉलमध्ये उतरली, एक खिडकीच्या फटीतून स्वयंपाकघरात. दोन्हीकडे चित्र आलं, चहा झाला, तो गेला.

आईला बघायचं असायचं कन्नड चॅनेल. तिचं माहेर अक्कलकोटच्या पुढे, हद्द ओलांडली की लागणारं एक गाव. तिथे मराठी सगळ्यांना येतं, पण रागवायचं, जेवायला हाक मारायची, मेलेल्या माणसाला रडायचं ते कन्नडमध्ये. लग्न करून ती आली ती मराठी घरात. बाबांना कन्नड कळत नाही. मलाही नाही.

मला खरं तर यायला हवं होतं. मी साडेचार वर्षांची होईपर्यंत आई माझ्याशी कन्नडच बोलायची, असं बाबा सांगतात. मग मला इंग्रजी शाळेत घातलं. पहिल्याच पालकसभेत बाई म्हणाल्या, मुलगी वर्गात तोंडच उघडत नाही, तीन भाषांमुळे गोंधळत असेल, घरात एखादी कमी करून बघा. आईबाबांनी ते डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं पाळलं. इंग्रजी शाळेची होती, मराठी घराची. उरली ती कमी केली. मी पुढची दहा वर्षं वर्गात गप्पच बसले. माझा स्वभावच तसा होता, पण ते कळेपर्यंत आईला माझ्याशी मराठी बोलायची सवय होऊन गेली होती.

आता माझ्यापाशी कन्नड उरलंय ते एका मुठीत मावेल एवढं. ये, बस, पुरे, जेवण, पाणी, वीज, आहे, नव्हतं. आणि दोड्डव्वा. दोड्डव्वा म्हणजे आईची मोठी बहीण.

दोड्डव्वा अजून त्या गावातच राहते. तिचे गुडघे गेलेत. आमचं घर पहिल्या मजल्यावर. शेवटचं आली तेव्हा जिन्यात मध्येच बसली, आणि तिथूनच मोठ्याने म्हणाली, "मला हितंच ताट आणून द्या, वर काय हाय बघायला?" त्यानंतर ती आली नाही. आई वर्षातून एकदा जत्रेला जाते, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत. एकदा मी सोबत होते. अख्खा दिवस दोघी चुलीपाशी बसून बोलत होत्या आणि परतीच्या गाडीत आई सोलापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

दोन वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी घरूनच करायची मुभा मिळाली आणि मी परत आले. आतल्या खोलीत माझं टेबल. दिवसभर कानाला हेडफोन लावून मी अशा लोकांशी इंग्रजीत बोलते ज्यांना मी कधी भेटणार नाही, आणि ते मला सोपं जातं. सातला काम संपलं की स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसते. आई चहा देते. आम्ही फार बोलत नाही.

तर, सात वाजता आईची मालिका लागायची. एका मोठ्या घरातली धाकटी सून, तिचं जत्रेत हरवलेलं मूल, आणि दारामागे उभी राहून सगळं ऐकणारी एक नणंद. एवढं चित्रांवरून कळायचं. पण मालिका सुरू झाली न झाली, की हॉलमध्ये बाबा दुकानातून येऊन हातपाय धुऊन बातम्या लावायचे. आणि दुसऱ्या मिनिटाला आईचा टीव्ही निळा व्हायचा. सिग्नल नाही.

घरात याची कारणं ठरून गेली होती. आई म्हणायची, "ढग आले असतील." मे महिन्यात. सोलापूरच्या मे महिन्यात, जिथे संध्याकाळी सातलासुद्धा नळाचं पाणी हाताला चटका देतं. बाबांचं म्हणणं वेगळं. "कर्नाटकाचं सिग्नल हाय ते. हितवर येईस्तोवर दमत असंल." 

"बाबा, सिग्नल वरून येतं. उपग्रहावरून."

"मग वरूनच कर्नाटकावर पडत असंल की."

मग पावणेआठला आई दोड्डव्वाला फोन लावायची. फोन स्पीकरवर टाकून गव्हाच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि भाकरी थापायला घ्यायची. दोड्डव्वा राहिलेला भाग सांगायची.

सांगायची म्हणजे, करून दाखवायची. सासूचा आवाज घोगरा, सुनेचा रडवा, नणंदेचा नाकातून. मध्येच स्वतःच्या आवाजात शिव्या. मला शब्द कळत नव्हते, पण आता नणंद बोलते आहे हे मी न चुकता ओळखायचे. आई भाकरी थापता थापता थांबायची, "अय्यो" म्हणायची, काहीतरी विचारायची, आणि मग दोघी हसायच्या. ते हसणं मी घरात इतर कुठल्याही वेळी ऐकलेलं नाही. मराठीत आई तोंडाला पदर लावून, आवाज न करता हसते. फोनवर ती पोटातून हसायची, थापलेल्या भाकरीवर हात तसाच ठेवून.

हे सगळं वीस मिनिटांच्या मालिकेला अर्धा-पाऊण तास पुरायचं. मी चहाचा कप धुवायचं निमित्त करून तिथेच रेंगाळत असे. आपल्याला न कळणाऱ्या विनोदावर माणूस किती वेळ हसरा चेहरा ठेवून बसू शकतं, हे मला त्या दिवसांत कळलं. कधी कधी आईचं माझ्याकडे लक्ष जायचं. ती मला सांगायला तोंड उघडायची, मराठी शब्द शोधायची, आणि हात झटकून म्हणायची, "जाऊ दे. त्यात काही नाही."

बाबा कधीतरी हॉलमधून ओरडायचे, "रोज काय एवढं बोलता गं?"

"राहिलेला भाग ऐकतीय."

"ऐक, ऐक," बाबा म्हणायचे. यावर त्यांचा आक्षेप नसे. 

मी या सगळ्याकडे बघत होते, आणि मला वाईट कशाचं वाटत होतं, तर आईला तिची मालिका बघायला मिळत नाही याचं. मला वाटायचं, दिवसातला अर्धा तास तिची भाषा तिच्यापर्यंत येते आणि तोही असा अर्ध्यात तुटतो. त्या भाषेतलं घरातलं बोलणं माझ्यामुळे बंद झालं होतं. निदान हे तरी मी तिला नीट मिळवून देईन.

मी लक्ष ठेवायला सुरुवात केली. ते मला जमतं. दोन आठवडे मी हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये काहीतरी आणायला गेल्यासारखं करत राहिले आणि फोनमध्ये टिपून ठेवलं. बाबांनी बातम्या लावल्या, आईचं गेलं. बाबांनी जुन्या गाण्यांचं चॅनेल लावलं, आईचं परत आलं. बाबा जेवायला उठले आणि सवयीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं, आईचं आलं. पुन्हा बातम्या, पुन्हा निळा पडदा. ढगांचा, अंतराचा, कर्नाटकाचा काही संबंध नव्हता.

ज्या दिवशी खात्री पटली त्या दिवशी मी आईला सांगितलं. ती शेंगदाण्याचा कूट करत होती.

"आई, बाबांच्या बातम्या लागल्या की तुझं चॅनेल जातं. त्या दोन टीव्हींचं एकमेकांशी काहीतरी आहे."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"टीव्ही इथं ठेवला त्याच आठवड्यात कळलं."

"मग बाबांना बोलली का नाहीस? ढग काय, सिग्नल काय!"

तिने मिक्सरचं भांडं हलवून पुन्हा लावलं. "त्यांना दिवसभरात तेवढंच तर असतं. बघू दे की. माझं काय अडलंय?"

मला तो त्याग वाटला. आईच्या पिढीच्या बायकांबद्दल मी इंग्रजीत जे जे वाचलं होतं ते सगळं मला त्या एका वाक्यात दिसलं. त्याच रात्री नेटवर शोधलं. जगभरच्या लोकांना हाच त्रास होता आणि त्यावर लांबलचक चर्चा होत्या. एकट्याने बसून वाचायची गोष्ट असल्यामुळे मी सगळ्या वाचल्या.

मिस्त्रीला बोलावणं मात्र मला अवघड गेलं. डिश दुरुस्तीच्या एका दुकानाच्या पाटीवरून नंबर घेतला होता. मी फोन करत नाही, संदेश पाठवते, आणि तोही तीनदा खोडून. "एका डिशवर दोन बॉक्स आहेत, एक लागला की दुसऱ्याचं चॅनेल जातं, कृपया मार्गदर्शन करावे." उत्तर आलं, "शुक्रवार नमाज के बाद."

शुक्रवारी तीनच्या सुमाराला ते आले. बाबांच्या वयाचे, मेंदीने लाल झालेली दाढी, खांद्याला पिशवी. बाबा दुकानात होते. मी त्यांना गच्चीवर नेलं. जिन्याच्या तोंडाशी लावलेला स्प्लिटर त्यांनी बोटाने उचलून बघितला आणि खो खो हसले.

"ये किसने लगाया, बेटी?"

"आधीच्या माणसाने. बाबांनी सांगितलं होतं, फाटा मार म्हणून."

"पानी का पाइप हे क्या ये?"

मी म्हणाले, बाबा तेच म्हणाले होते.

त्यांनी छत्रीच्या समोर पुढे आलेल्या दांड्याकडे बोट केलं. त्या टोकाला जो पांढरा गोळा असतो, एलएनबी, तो वरून येणारं सगळं पकडतो. पण सगळं एकदम खाली सोडत नाही. खाली टीव्हीला जोडलेला बॉक्स वायरीतूनच वर वीज पाठवून मागणी करतो. काही चॅनेलांसाठी तेरा व्होल्ट, काहींसाठी अठरा. हे मी वाचलेलं होतं, पण त्यांनी सांगितलं ते जास्त चांगलं होतं. "अठरावाला बडा भाई हे. उने बोल्या की तेरावाला चुप. तुमच्या वडिलांच्या बातम्या अठरावर, आईचं कन्नड तेरावर. एकच वायर, एकच तोंड. मग आईचं कोण ऐकणार?"

"मग काय करायचं?"

"दो मुँह का एलएनबी. दोघांचं वेगळं वेगळं ऐकतो. भांडण नक्को."

तसा एक त्यांच्या पिशवीतच होता. बाहेरून जुन्यासारखाच, फक्त खाली दोन तोंडं. त्यांनी जुना सोडवला, नवा बसवला, स्प्लिटर काढून दोन्ही वायरी सरळ वर नेल्या. एकीला लांबी पुरेना, तिला तुकडा जोडला. पत्र्याची छत्री उन्हाने इतकी तापली होती की ते रुमालाने धरून ती हलवत होते. मला म्हणाले, "आवाज द्या खाली. आया की नहीं, विचारा."

गच्चीवरून ओरडायचं. मी आयुष्यात हे केलेलं नव्हतं. कठड्याशी गेले, वाकले आणि हळूच म्हणाले, "आई."

"बेटी, ये तो मेरेकू बी सुनाई नै दिया."

शेजारच्या गच्चीवर एक काकू मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांचं घर विणकरांचं, घरात तेलुगू. त्यांनी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "छत्री बसवायलीस काय? ओरड की गं. लाजायला काय झालं, पोरगा बघायला आलाय का?"

मी ओरडले. "आई! आलं का?"

खालून आईचा आवाज आला, "थांब! नाही!"

"आता?"

"आलं! गेलं!"

"आता?"

"आलं! राहू दे तसंच!"

मला अचानक फार छान वाटलं. ऊन होतं, घाम होता, मी भर दुपारी गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडत होते आणि माझी आई खालून ओरडून उत्तर देत होती. मिस्त्रीचाचांनी नट आवळला. खाली आल्यावर त्यांनी हॉलमध्ये बातम्या लावल्या आणि स्वयंपाकघरात कन्नड. दोन्ही चालत राहिले. आई ओले हात पदराला पुसत टीव्हीसमोर उभी होती.

"आता दोन्ही एकदम चालणार?"

"हो."

"सातला पण?"

"सातला पण. बाबा काहीही बघोत."

"बरं," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "कशाला गं एवढा खटाटोप केलास." आणि चाचांसाठी चहा टाकायला वळली. मी तिच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होते. तो दिसला नाही. मी म्हटलं, सवय नाही तिला.

त्या संध्याकाळी बाबांच्या बातम्या आणि आईची मालिका शेजारी शेजारी वाजल्या. आईने सुरुवातीपासून शेवटापर्यंत भाग बघितला. पावणेआठला फोन लावला. दोड्डव्वा काहीतरी बोलली, आई काहीतरी बोलली. "नोडिदे," आई म्हणाली, म्हणजे बघितलं. मग फोन ठेवला. पहिली भाकरीही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या दिवशी दोड्डव्वाचाच फोन आला, चार वाक्यं. पुढच्या आठवड्यात एक दिवस आड, मग दोन दिवस आड. पावणेआठला आता मालिका संपून दुसरी लागलेली असायची आणि आई तीही बघायची. बघायची म्हणजे तिच्याकडे तोंड करून भाकरी करायची. ती हसत नव्हती. पडद्यावरच्या नणंदेला नाकातला आवाज नव्हता. ती बरीच साधी, बरीच सुंदर बाई होती.

मी मूर्ख नाही, पण मला महिना लागला. स्टुलावर बसून चहा पिताना स्वयंपाकघर मला एकदम मोठं वाटायला लागलं, तेव्हा लक्षात आलं की मी कशाची वाट बघते आहे.

मी म्हणाले, "आई, दोड्डव्वाला फोन लाव की."

"का? काही काम आहे?"

"काम कशाला हवं? सहज."

"परवा बोलले की तिच्याशी." तिने तवा पुसला. "सहज काय बोलायचं? तिला म्हैस असते, माणसं असतात. उगाच कशाला."

मीही अशीच आहे. पुण्यात एक मैत्रीण होती. एका खोलीत राहायचो. तिने लग्न करून गाव बदललं, आणि रोज फोन करण्यासारखं कारण मला कधी सापडलं नाही. एखादा कागद, एखादा पत्ता, काहीतरी विचारायचं असलं की मी करते. नुसतं 'कशी आहेस' म्हणायला माझा हात उचलत नाही. हे कुठून आलंय ते मी त्या दिवशी आई तवा पुसत असताना बघितलं.

आणि मग, एका दुपारी, माझ्या फोनवर दोड्डव्वाचा फोन आला. तिने मला कधी फोन केलेला नव्हता. माझ्याशी ती मराठीत बोलते, एकेक शब्द वेचून.

"आई बरं हाय न्हवं?"

"हो, बरी आहे. का?"

"फोन येईना झालाय तिचा. आजारी हाय आणि मला सांगायल्या न्हाईत, असं वाटलं."

"नाही दोड्डव्वा. टीव्ही नीट झालाय ना इथला. मीच करून घेतला. आता सगळा भाग दिसतो तिला."

"व्हय, सांगितलं तिनं. चांगलं केलंस की." मागे कोंबडी ओरडत होती. "मी हितं रोज नीट लक्ष देऊन बघत होतो, बघ. कोण काय बोलला, कुठली साडी नेसला. तंगीला, म्हंजे तुझ्या आईला, सांगायचं म्हणून. आता कुणाला सांगू? म्हशीला?"

ती हसली. मलाही हसायचं होतं. मी म्हणाले, "मला सांगा."

"तुला कळतंय व्हय?" ती प्रेमानेच म्हणाली. त्यात टोचणी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मग तिने जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी आईला सांगितलं, दोड्डव्वाचा फोन होता. आईने झटकन मागे वळून बघितलं. "का? काय झालं?"

"काही नाही. तू आजारी आहेस का विचारत होती."

"मी कशाला आजारी असेन?"

"तुझा फोन येत नाही म्हणून."

आईने गॅस बारीक केला. मी पुढे सांगितलं, म्हशीचंही. सांगताना मला माझ्या कपातल्या चहाकडे बघावं लागलं. दूध वर आलं, तिने ते उतरवलं. टीव्ही चालू होता. सून देवळात उभी होती आणि तिच्या मागून तिचं हरवलेलं मूल तिला न दिसता चाललं होतं. आईने भाग संपेपर्यंत बघितला, फोनकडे एकदा हात नेला आणि तो हात तसाच पुढे नेऊन मिठाचा डबा उचलला.

दुसऱ्या दिवशी काम लांबलं. मी स्वयंपाकघरात आले तेव्हा साडेसात होऊन गेले होते. हॉलमध्ये चार माणसं एकदम ओरडत होती, म्हणजे बाबा बातम्या बघत होते. स्वयंपाकघरातला टीव्ही बंद होता. निळा नव्हता. काळा, बटणच बंद केलेला. आई जमिनीवर मेथीची जुडी पसरून बसली होती. वर पंखा फिरत होता, ट्यूब लख्ख होती. मला वाटलं बिघडला. मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे," आई म्हणाली.

पावणेआठला तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून गव्हाच्या डब्याला टेकवला. दोड्डव्वाने उचलला. आई म्हणाली, "अक्का, करंट इरलिल्ल."

वीज नव्हती.

तिकडून लांबलचक "अय्यो!" आलं, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग खाकरणं. आणि नणंद नाकातून बोलायला लागली.

आईने माझ्याकडे बघितलं. मला कळलंय हे तिला कळलं. ती लाजली नाही, पण हातातली काडी तिने मोडली नाही, तशीच धरून ठेवली. मी तिच्यासमोर बसले आणि अर्धी जुडी माझ्याकडे ओढली.

तेवढ्यात बाबा पाणी प्यायला आत आले. काळ्या टीव्हीकडे बघून म्हणाले, "का गं? गेलं व्हय परत?"

आई बोलायच्या आत मी म्हणाले, "हो बाबा. सिग्नल जातंय."

"एवढं नवीन बसवून? त्या मिस्त्रीला बोलाव की."

"बोलावते."

"कधी?"

"बघते ना मी. तुमच्या बातम्या चालू आहेत, तुम्ही जा."

"कर्नाटकाचंच सिग्नल ते," बाबा म्हणाले आणि समाधानाने तांब्या घेऊन गेले. दोड्डव्वा पलीकडून थांबून ऐकत होती. तिने काहीतरी विचारलं, आईने उत्तर दिलं आणि दोघी एकदम हसल्या. आईची पाठ भिंतीला टेकलेली होती, पानं मांडीवर सांडली होती. बाबांना हसल्या असतील, किंवा मला. मी विचारलं नाही.

पाऊण तासाने फोन ठेवला तेव्हा मेथी कधीच निवडून झाली होती. मी म्हणाले, "काय झालं आजच्या भागात?"

आईने आठवून बघितलं. "मूल सापडलं नाही. नणंदेने चिठ्ठी लपवली. एवढंच."

"पाऊण तास?"

"बाकीचं आमचं होतं," आई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. मी काड्या गोळा केल्या. तिने परात घेतली, पीठ चाळलं, आणि माझ्याकडे पाठ करून भाकरी थापायला सुरुवात केली.